पाठीवर पिशवी, मुक्काम भिवंडी

पाठीवर एक पोतडीवजा पिशवी बांधावी, खिशात मोजके पैसे घ्यावेत आणि परमुलखातले एखादे शहर पायी तुडवून यावे, ही आजच्या तरुण मंडळींची तीर्थयात्रा आहे. बँकॉकचा खाओसान रस्ता म्हणजे या यात्रेकरूंची पंढरी. तिथे, नाही तर हनोईत, नाही तर काठमांडूत, कोण किती स्वस्तात राहिला आणि कोणाला किती पैशांत पोटभर भात मिळाला, याच्या कथा ही मंडळी इतक्या रंगवून सांगतात की वारकऱ्यानेही आपल्या एकादश्या इतक्या रंगवून सांगितल्या नसतील. माझा भाचा याच पंथातला. त्याचे तीन देशांचे पुराण ऐकून झाल्यावर मी त्याला विचारले, "आशियातले असे एक शहर सांग की जिथे पारपत्र लागत नाही, विमान लागत नाही आणि तुमच्यापैकी एकही जण अजून गेलेला नाही." तो विचारात पडला. मी म्हटले, "भिवंडी."

"मामा, तिथे बघायला काय आहे? गोदामे!"

गोदामे आहेत, हे खरेच. ज्या पिशवीच्या जोरावर हा गृहस्थ तीन देश हिंडून आला, ती त्याने घरबसल्या मागवली होती आणि तिच्या खोक्यावरच्या चिठ्ठीत भिवंडीचा पत्ता होता. तेव्हा तीच पिशवी त्याच्याकडून मागून घेतली आणि गेल्या जानेवारीत तिला तिच्या माहेरी घेऊन गेलो. बेत असा की तीन दिवस, दोन रात्री, आणि खर्च दीड हजारांच्या आत.

ठाण्याहून एसटीने निघालो. बाळकूम मागे पडले, कशेळीचा खाडीपूल ओलांडला आणि काल्हेर, पूर्णा करीत गाडी अंजूरफाट्याकडे रांगू लागली. रांगू लागली हे अलंकारिक नव्हे. पुढे मालमोटार, मागे मालमोटार, मध्ये मेट्रोचे खांब आणि दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामे. पूर्वी इथे भातखाचरे होती. ती जाऊन गोदामे का आली याचे उत्तर मुंबईच्या जकात नाक्यावर होते. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागे. तेव्हा व्यापाऱ्याने शहाणपणाने माल हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर ठेवला आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आत नेला. ग्रामपंचायतींच्या हद्दीत जागा स्वस्त होती, आग्रा रस्ता दारात होता. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. पण तोवर सवय पडली होती. जकात गेली, गोदामे राहिली, उलट वाढली. आज मुंबईच्या माणसाने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या चहाची किटली मागवली की ती बहुधा इथल्याच कुठल्या तरी फडताळावरून हलते.

या अंजूरफाट्याला आपले नाव देणारे अंजूर गाव मात्र गोदामांमुळे प्रसिद्ध नाही. वसईच्या मोहिमेत पेशव्यांना पोर्तुगीजांच्या मुलखाची खडान्‌खडा माहिती पुरवणारे गंगाजी नाईक अंजूरकर इथले. इतिहासात ज्यांचे नाव आहे त्यांच्या गावावरून आता खोकी धावतात. असो.

भिवंडीत उतरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट ध्यानात आली. खाओसान रस्त्यावर पाठीवर पिशवी असलेला माणूस दिसला की लोक त्याला प्रवासी समजतात. भिवंडीत तसे नाही. इथे पाठीवर पिशवी घेऊन गाडीतून उतरणारा माणूस म्हणजे कामाच्या शोधात आलेला कारागीर. रिक्षावाल्याने विचारले, "किस कारखाने में जाना है?" चहावाल्याने विचारले, "गाव कुठले? काम ठरलेय का?" तिसरा एक जण तर माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हळहळला आणि म्हणाला, "चाचा, या वयात मागावर कोण घेणार? सायझिंगमध्ये वॉचमनचे बघा."

मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. इतकी फुकट आस्था कुठल्याही शहराने आजवर मला दाखवली नव्हती.

स्थानकापासून चालत एका साध्या लॉजमध्ये पाचशे रुपयांत खोली मिळाली. खोलीत पलंग, पंखा, बादली आणि एक खिडकी. खिडकी उघडली आणि तो आवाज आत आला. भिवंडीचे वर्णन करायचे तर डोळ्यांनी नव्हे, कानांनी करायला हवे. खटक-खटक, खटक-खटक. एका मागाचा आवाज असेल तर मोजता येईल. इथे शेकडो माग एकमेकांच्या तालात न येता चालतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एक अखंड घरघराट होतो, समुद्राचा होतो तसा. या गावात यंत्रमाग किती, याचे आकडे जितकी तोंडे तितके आहेत. देशातल्या एकूण यंत्रमागांपैकी तिसरा हिस्सा एकट्या भिवंडीत, असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती होती ७,०९,६६५. माणसे जास्त की माग जास्त, असा इथला जुना विनोद आहे.

दुपारी मंडईतून, तीनबत्तीवरून वाट फुटेल तसा हिंडलो. आळ्यांची नावे जुनी, ब्राह्मणआळी, कासारआळी. मोहल्ले तितकेच जुने. दोन्हींच्या मधला रस्ता इतका अरुंद की एका बाजूची भजी तळल्याचा वास दुसऱ्या बाजूच्या सज्जात सहज जावा. शेवटी पोचलो बंदर मोहल्ल्यात. भिवंडीला बंदर? आज कामवारी नदीकडे पाहिले तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण होते. शिवाजी महाराजांनी १६५७ साली, ऐन दिवाळीच्या सुमारास, आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी घेतली आणि या खाड्यांच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला. पुढे १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला गेली, आणि भिवंडीला वळसा घालून गेली. कल्याण जंक्शन झाले. भिवंडी खाडीच्या गाळात बसली. आजचे भिवंडी रोड हे स्थानक दिवा-वसई मार्गावरचे, फार नंतरचे. तिथे उतारूंच्या गाड्या थोड्या आणि मालगाड्या फार.

बंदर मोहल्ल्यात एका जुन्या घराच्या ओट्यावर एक वयोवृद्ध कोकणी मुसलमान गृहस्थ बसले होते. मी पिशवी उतरवून घाम पुसला.

"बसा. काम शोधताय?"

"नाही, शहर बघायला आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "इकडे लोक माल बघायला येतात," ते म्हणाले. मग आत वळून चहा सांगितला. त्यांचे मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आणि अस्सल कोकणी वळणाचे. या गावात सात पिढ्या गेल्या म्हणाले. मी हळूच तो विषय काढला, जो भिवंडीचे नाव घेताच आमच्या पिढीच्या मनात येतो.

"सत्तर साली मी शाळेत होतो," ते म्हणाले. "मे महिना. शिवजयंतीची मिरवणूक. त्यानंतरचे चार दिवस मला अजून तारखांसकट आठवतात. चौऱ्याऐंशीला मी बापाच्या जागेवर होतो; माझी पोरे लहान. पुन्हा तेच."

१९७० च्या त्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. त्याचा जाडजूड अहवाल आहे. मला अहवालापेक्षा त्यांच्या पुढच्या वाक्यात रस होता.

"मग ब्याण्णवला मुंबई पेटली. सगळे म्हणाले, आता भिवंडी. नाही पेटली. का? आम्ही जागलो म्हणून. गल्लीच्या तोंडाशी बाकडे टाकले होते. त्यावर अर्धे आम्ही, अर्धे पलीकडच्या आळीतले. मध्ये पोलीस. चहा कधी आमच्या घरचा, कधी त्यांच्या."

त्या आधीची काही वर्षे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांची माणसे नेमाने एकत्र बसवायची, आणि बोलायचे ते धर्माविषयी नव्हे तर नळ, गटार, भाडेकरू, उसनवारी याविषयी. भांडणाची ठिणगी तिथेच विझवायची. साधी युक्ती. पण एकदा एकमेकांच्या घरचा चहा प्याला की अफवेवर विश्वास ठेवणे जरा जड जाते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये पन्नास किलोमीटरच्या आत मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. दंगलीचे गाव म्हणून आपण भिवंडी लक्षात ठेवली. न झालेली दंगल लक्षात ठेवायची मात्र आपल्याला सवय नाही.

संध्याकाळी भुकेची वेळ झाली. हॉटेले होती, पण मला भिशी बघायची होती. मराठी वाचकाला भिशी म्हणजे दरमहा पैसे गोळा करून चिठ्ठी काढण्याचा बायकांचा उद्योग आठवेल. भिवंडीतली भिशी म्हणजे माग-कामगारांची खानावळ. लांबच लांब खोली, जमिनीवर पट्टे, भिंतीशी ताटांची चळत, आणि दाराशी मोठे खाते घेऊन बसलेला मालक. रोख देणारे थोडे. आठवड्याचा पगार झाला की हिशेब चुकता. वरण, भात, हाताएवढ्या जाड रोट्या, एक रस्सा. रोटी हवी तेवढी. पाहुण्याला साठ रुपये. मी पैसे पुढे केले तसे मालकाने विचारले, "खाते उघडायचे?" कोणी दोन दिवस जेवायला आला नाही तर चौकशीला पोऱ्या पाठवायचा, आजारी असेल तर डबा खोलीवर, गावी गेला तर बाकी पुढच्या फेरीला, असा इथला शिरस्ता. परक्या मुलखात आलेल्या माणसाचे मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या कचेरीत जेवढे लक्ष ठेवले जात नसेल, तेवढे हे खाते ठेवते. अर्थात ते खाते आहे, आई नव्हे. बाकी फार वाढली की रोटी थांबते, हेही मालकाने सांगितले.

माझ्या शेजारी आझमगढकडचा एक पंचविशीचा तरुण जेवत होता. त्याने नेहमीचे विचारले, किस कारखाने में? मी खरे ते सांगितले.

"इथे? बघायला? स्वतःच्या पैशाने?"

त्याने ते समोरच्याला सांगितले, समोरच्याने पलीकडच्याला, आणि सगळी पंगत हसली. हसण्यात कुचेष्टा नव्हती. एखाद्याने हौसेने दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला तर जसे हसू येईल तसे ते होते. मग त्याने विचारले, उतरलात कुठे? मी लॉजचे नाव आणि भाडे सांगितले. त्याचा घास थांबला.

"पाचशे? एका रात्रीचे? पाच दिवसांचे जेवण झाले!"

काटकसरीने प्रवास करतो म्हणून घरून मिरवत निघालेला मी, या माणसाच्या लेखी शुद्ध उधळ्या होतो. "उद्या आमच्याकडे या," तो म्हणाला. "रात्रपाळीवाल्याची जागा मोकळीच असते."

दुसरा दिवस पद्मानगरात उजाडला. तिथे शिरले की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात, दारातली रांगोळी दाक्षिणात्य होते आणि नाश्त्याला तीस रुपयांत गरम इडली मिळते. तेलंगणातले पद्मशाली विणकर हे इथले दुसरे मोठे कूळ. पहिले कूळ मोमिनांचे. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातली ही विणकर कुटुंबे आग्रा रस्ता धरून दक्षिणेकडे निघाली. काही मालेगावात थांबली, काही इथवर आली. त्यांच्या पाठीवरही बोचकीच होती. विजेच्या आगमनानंतर हातमागाचा यंत्रमाग झाला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण लोकांचे कपडे घालणे काही बंद झाले नाही. ते काम इकडे वळले. गिरणगावाच्या दुःखावर आपण नाटके पाहिली, कविता वाचल्या. ते सूत पुढे कोणाच्या हातात गेले, हे बघायला तीस-पस्तीस किलोमीटर कोणी आले नाही.

आझमगढच्या त्या तरुणाने मला आपला कारखाना दाखवला. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली, चोवीस माग दोन ओळींत, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. सायझिंगमध्ये सुताला खळ चढते, ते बिमावर गुंडाळून येते, तो ताणा. आणि कांडीवरचे सूत पोटात घेऊन धोटा इकडून तिकडे झेपावतो, तो बाणा. धोटा ठोकला जातो, त्याचाच तो खटका. एका माणसाकडे सहा माग. कुठले सूत तुटले हे त्याला दिसण्याआधी कळते. कसे? त्याने हाताने खूण केली, कारण बोलून उपयोग नव्हता. नंतर बाहेर आल्यावर म्हणाला, "आवाज बदलतो." पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली की मीटर थांबतो आणि मजुरीही. महिन्याला पंधरा हजार सुटले तर महिना चांगला. निघणारे कापड कोरे, पांढरट. रंग त्याला दुसऱ्या गावी चढतो. शंभर-दीडशे रुपयांचा सदरा आपल्याला स्वस्त का पडतो, हे त्या वाटेत आडवे उभे राहिले की पुष्कळसे समजते.

आणि हा धंदाही आता सुखात नाही. सुताचे भाव चढतात, विजेचे बिल चढते, नवे भरधाव माग बाहेरून येतात. जुने माग भंगारात वजनावर विकले जातात आणि रिकाम्या पत्र्याखाली, अर्थात, गोदाम होते.

रात्री त्याच्या खोलीवर गेलो. दहा बाय बारा. सहा जण राहतात. तिघे दिवसपाळीचे, तिघे रात्रपाळीचे, म्हणून अंथरुणे तीन. भिंतीवर ओळीने सहा खिळे, आणि सहा खिळ्यांना सहा पिशव्या. पाठीवर घ्यायच्या, पट्ट्यांच्या, भाच्याच्या पिशवीसारख्याच. फक्त रंग उडालेल्या. त्याने सातवा खिळा ठोकला आणि माझी पिशवी तिथे लावली.

२०२० च्या टाळेबंदीची गोष्ट त्यानेच काढली. माग बंद, मजुरी बंद, मग भिश्याही बंद. खोलीत सहाच्या सहा जण एकदम राहायची तेव्हा पहिलीच वेळ. तीन अंथरुणांवर सहा माणसे. याच खिळ्यांवरच्या पिशव्या काढून त्याचे दोन साथी नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. तो थांबला. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिकांची खास गाडी सुटली, तिच्यात त्याला जागा मिळाली. ज्या स्थानकावरून तो कधी कुठे गेला नव्हता तिथून तो घरी गेला. आठ महिन्यांनी परत आला. "का आलास?" या प्रश्नाला त्याने खांदे उडवले आणि दिवा मालवला.

मला झोप लागली नाही. जमिनीला पाठ टेकली की मागांचा हादरा हाडांत जाणवतो. बाकीचे गाढ झोपले होते. पहाटे केव्हातरी वीज गेली. सगळ्या गल्लीचा आवाज एकदम तुटला; आणि काय गंमत, त्या शांततेने तिघेही दचकून उठून बसले. वीज आली, खटका सुरू झाला, तसे तिघे पुन्हा आडवे.

सकाळी आठला रात्रपाळीवाले आले. माझ्या अंथरुणाचा धनी चाळिशीचा, भुवयांवर आणि पापण्यांवर कापसाची बारीक पांढरी पूड. मी घाईने उठलो. तो म्हणाला, "आराम से, आराम से," आणि मी उठलो त्याच जागी, चादर न झटकता, आडवा झाला. मी तरुणाच्या हातात तीनशे रुपये ठेवू लागलो. त्याने ते माझ्या खिशात परत कोंबले. मग कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी दूध आणि बिस्किटे आणली, ती मात्र त्यांनी घेतली.

तिसऱ्या दिवशी वज्रेश्वरी. तालुक्याचे हे ठिकाण सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा लांबण लावत नाही. वसई जिंकली तर देवीचे देऊळ बांधीन असा चिमाजी आप्पांनी नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला, अशी कथा आहे. पायऱ्या चढून गेले की किल्ल्यासारख्या तटाआड देऊळ दिसते. मी दर्शन घेऊन तानसेच्या काठी अकलोलीच्या गरम कुंडांकडे गेलो. खोलीवरच्या मंडळींनी सांगितले होते की अंग फारच आखडले की कारागीर तिथे जातात.

वाटेत वही काढून हिशेब मांडला. बस, चहा, लॉज, दोन वेळची भिशी, इडली, दूध-बिस्किटे धरून सातशे ऐंशी झाले होते. खोलीभाड्यापुढे काय लिहावे ते सुचेना, म्हणून ती ओळ कोरी ठेवली.

कुंडात दोन म्हातारे गळ्यापर्यंत बुडून बसले होते. काठावर त्यांच्या पिशव्या होत्या. त्यांच्याशेजारी मी माझी ठेवली आणि पाण्यात पाय सोडले. दोघे एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलत होते की पलीकडच्या कुंडावरच्या बायका वळून वळून बघत होत्या. मला वाटले भांडण आहे. भांडण नव्हते, एकाच्या नातीच्या शाळेची गोष्ट चालली होती. चाळीस वर्षे मागांवर काढलेली माणसे, आवाजाचा अंदाज कधीच गेलेला.

त्यातल्या एकाने मला वेळ विचारली. मी सांगितली. त्याने पुन्हा विचारली. मी पाण्यातून वाकून त्याच्यासमोर मनगट धरले. पाच वाजून दहा मिनिटे. भिवंडीच्या बसला अजून वीस मिनिटे होती. तो ओरडून म्हणाला, "मग बसा की निवांत!" आणि शेजारी सरकून त्याने मला जागा करून दिली.